हिरव्याला सहा जागा

रत्नदीप आणि मी सिंदी रेल्वे या गावच्या शाळेत एका बाकावर बसायचो. माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान सेलूला, पण मी मामाकडे राहून शिकलो. रत्नदीपचे वडील हरिदासकाका रेल्वेच्या गँगमध्ये होते. उन्हातान्हात रुळांच्या कडेकडेनं चालायचं, ढिलं झालेलं ठोकून बसवायचं, गाडी आली की बाजूला सरायचं. आई धुरपताकाकू लोकांच्या शेतात निंदायला आणि कापूस वेचायला जायच्या. एकुलता एक मुलगा, आणि गणितात इतका पक्का, की हरिदासकाकांनी तो लहान असतानाच ठरवून टाकलं होतं: आपण रुळाच्या बाजूला उभे राहिलो, पोरगा इंजिनात बसेल.

पोरानं तसा अभ्यासही केला. आयटीआय केलं, मग वर्ध्याला संगणकाची पदवी घेता घेता त्यानं सहायक लोको पायलटची परीक्षा दिली आणि पास झाला. काकांनी साऱ्या गँगला पेढे वाटले. मग नागपूरला मेडिकल झाली. डॉक्टरांनी एक पुस्तक उघडलं. पानभर रंगीत ठिपके.

"यात कोणता आकडा दिसतो?"

रत्नदीपनं पान नीट पाहिलं. त्याला वाटलं, ही काहीतरी फसवायची रीत असावी. म्हणाला, "सर, आकडा नाईच हाये यात."

पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढच्या पानावर तेच. लाल आणि हिरवा हे दोन रंग त्याला वेगळे ओळखू येत नव्हते. जन्मापासून येत नव्हते, आणि हे त्याला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर हरिदासकाकांना ते काही केल्या पटेना. "सिग्नल दिसत नाई म्हंजे काय? एवढा मोठा सिग्नल! पोट्टा बावीस वर्षांचा झाला अन् आता सांगते का रंग दिसत नाई?"

धुरपताकाकूंना मात्र ते पटलं. डॉक्टरांनी रत्नदीपला सांगितलं होतं, की हे बहुतेक वेळा आईच्या माहेराकडून येतं, आणि त्यानं ते घरी जसंच्या तसं सांगून टाकलं. काकूंना त्यांचे वडील आठवले, चिंधूबाबा. मिरच्या तोडायला गेले की पिकलेल्या लाल मिरच्यांत हिरव्या टाकायचे, आणि मालक आळशी म्हणून शिव्या द्यायचा. "माह्या बापाले बी हेच असन," काकू म्हणाल्या. "बिचाऱ्यानं जनमभर शिव्या खाल्ल्या. माह्याकडूनच आलं हे तुले." त्यानंतर कितीतरी महिने त्या लेकाशी बोलताना नजर चुकवायच्या. काका तर या विषयावर बोलायचेच नाहीत. गावात सांगितलं, मेडिकलमध्ये वजन कमी भरलं.

मी तोवर सेलूला फोटो स्टुडिओ टाकला होता. शाळांच्या ओळखपत्रांचं काम खूप यायचं, शेकड्यांनी फोटो. रत्नदीप रिकामा बसून सुकत चालला होता, म्हणून मी म्हटलं, ये, संगणकावर बस.

"धीरज, तू पागल झाला का बे?" तो म्हणाला. "मले रंग दिसत नाई अन् तू मले फोटोच्या धंद्यात घेऊन राह्यला?"

"तू फक्त फोटो काप. रंग मी पाहतो."

आला. पहिले काही दिवस त्यानं निमूट फोटो कापले. मग एकदा उंदीर, म्हणजे माउस, एका मुलीच्या गालावर नेऊन थांबवला आणि मला हाक मारली. स्क्रीनच्या कोपऱ्यात तीन आकडे आले होते. लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका. शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत.

"हे आधी काऊन नाई सांगितलं?" त्याचा आवाज बदलला होता. "प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे हायेत. मंग पाहाची काय गरज हाये? वाचता येते ना!"

त्या दिवसापासून तो रंग वाचू लागला. चांगल्या उजेडात काढलेल्या चेहऱ्यात लाल जास्त, हिरवा त्याहून कमी, निळा सगळ्यात कमी, हे त्यानं शेकडो फोटोंवरून हेरलं. ट्यूबलाइटखाली हिरवा कुठं वाढतो, निळ्या पडद्याची छटा गालावर कशी चढते, सगळं आकड्यांत. आणि मग त्यानं स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. नाव ठेवलं 'ठिपका'. शाळेचे सगळे फोटो एका फोल्डरमध्ये टाकायचे, बटण दाबायचं, की चेहरे कापून, रंग सुधारून, मागचा पडदा पांढरा होऊन बाहेर यायला हवेत, अशी त्याची कल्पना.

पहिला 'ठिपका' इतका हळू चालायचा, की एक फोटो होईस्तोवर मी चहा पिऊन यायचो. प्रोग्रॅम एकेका ठिपक्याला विचारायचा, तुझा रंग काय, आणि एकेकाला सांगायचा, आता हा घे. रत्नदीपनं महिनाभर पुस्तकं आणि इंटरनेट धुंडाळून दुसरा रस्ता काढला. चित्राची आख्खी मेमरी एकदम कुलूप लावून ताब्यात घ्यायची, हवे ते आकडे बदलायचे आणि कुलूप काढायचं. माझ्या टेबलावर उभा राहून तो हे हातवारे करून सांगत होता, आणि फोटो घ्यायला आलेले एक आजोबा घाबरून बाहेर जाऊन बसले.

नव्या प्रोग्रॅममधून शाळेचे फोटो निघाले ते सगळे निळे. निळ्या गालांची पोरं, निळ्या हनुवटीचे हेडमास्तर. निळा रंग रत्नदीपला स्वच्छ दिसतो, त्यामुळे हे त्यानंच आधी पाहिलं, आणि हसून हसून खुर्चीतून खाली आला. झालं होतं असं, की आपण लाल-हिरवा-निळा म्हणतो, पण संगणकाच्या पोटात ते उलटे मांडलेले असतात, आधी निळा, शेवटी लाल. त्यानं तेवढं फिरवलं आणि पोरं पुन्हा माणसांत आली. हेडमास्तरांचा निळा फोटो मात्र त्यानं पुसला नाही, अजून आहे.

दोन-तीन वर्षं अशी मजेत गेली. मग आला विहाराचा बोर्ड.

सिंदीच्या बौद्ध विहार समितीनं जयंतीसाठी एलईडी बोर्ड आणला. समितीचे अध्यक्ष पुंडलिकराव, निवृत्त शिक्षक. सारं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. बोर्डावर कार्यक्रमाची माहिती मराठीत फिरवायची, मध्ये मध्ये बौद्धांचा पाचरंगी पंचशील ध्वज दाखवायचा, असा बेत. पण बोर्डासोबत आलेल्या सॉफ्टवेअरला मराठी जमेना. जोडाक्षरं फुटायची, वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसायच्या. 'प्रबुद्ध' या शब्दाची तर ओळखच पटत नव्हती. गुरुजींना शुद्धलेखनाचा भारी राग. ते थेट रत्नदीपच्या घरी आले.

"बाळा, तुले जमन का?"

"जमन जी गुरुजी. मी अक्षरं पाठवतच नाई बोर्डाले. मी चित्र पाठवतो."

कल्पना सोपी होती. मराठी ओळ आपल्या संगणकावर चित्र म्हणून काढायची, आणि त्या चित्राचे ठिपके बोर्डाला पाठवायचे. बोर्डाला काय, ठिपका पेटवायचा एवढंच ठाऊक. फक्त एक अडचण होती. आपल्या संगणकात एका ठिपक्याच्या रंगाला चोवीस जागा, म्हणजे शून्य किंवा एक लिहायची घरं, असतात, तिन्ही रंगांना आठ-आठ. बोर्ड गरीब, त्याच्याकडे सोळाच. म्हणजे रंग दाबून भरायचे. रत्नदीपनं लाल, हिरवा, निळा, तिघांना पाच-पाच जागा दिल्या. एक रिकामी सोडली. अशी मांडणी पुस्तकात दिली होती, तिच्या शेजारीच दुसरीही एक होती. त्यानं पहिली उचलली.

दुपारी मंडळी मंडप घालत होती, तेव्हा त्यानं विहारात एकट्यानं बोर्ड लावून पाहिला. निळी अक्षरं झळझळीत आली. वेलांट्या जागच्या जागी. ध्वज आला. त्याच्या डोळ्यांना तो ध्वज ध्वजासारखाच दिसला.

संध्याकाळी मी सेलूहून गेलो. विहारासमोर सतरंज्यांवर बाया-माणसं बसलेली, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पोरांचा गलका. हरिदासकाका पुढच्या रांगेत. गुरुजींनी बटण दाबलं. 'प्रबुद्ध भारत' अशी निळी अक्षरं सरकत आली आणि गुरुजींनी आधी एकेक वेलांटी तपासली. मग चेहरा फुलला. टाळ्या पडल्या. त्यानंतर ध्वज आला, आणि टाळ्या अर्ध्यावर थांबल्या.

निळी पट्टी बरोबर होती. बाकी सगळं बिनसलं होतं. पिवळ्याच्या जागी पोपटी. लालच्या जागी काहीतरी मळकट. पांढरी पट्टीसुद्धा पांढरी नव्हती.

गुरुजी हळूच म्हणाले, "रत्नदीप, बाळा, हे रंग असे काऊन दिसून राह्यले?"

रत्नदीपनं बोर्डाकडे पाहिलं, मग लोकांच्या चेहऱ्यांकडे, मग पुन्हा बोर्डाकडे. त्याला काहीच चुकलेलं दिसत नव्हतं. मी ओळखलं. मी पुढं होऊन म्हटलं, "गुरुजी, लाइनचा प्रॉब्लेम असन, व्होल्टेज कमी..."

"नाई," रत्नदीप म्हणाला. "व्होल्टेज नाई." त्यानं माइक घेतला नाही, पण आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. "मले लाल अन् हिरवा वेगळा दिसत नाई. जन्मापासून. रेल्वेत मी त्याच्यानंच नापास झालो, वजनानं नाई. माह्या डोळ्याले हा झेंडा बरोबर दिसून राह्यला. तुम्हाले कसा दिसते, ते सांगा, म्हंजे मी दुरुस्त करतो."

मी काकांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

मागून एकजण हसला, पण त्याला शेजारच्या बाईनं कोपर मारलं. आणि मग सारी सभा मदतीला धावली. "दुसरी पट्टी पोपटी हाये!" "पोपटी कुठं? कच्ची हिरवी हाये!" "तिसरी मेहंदी कलर!" "मेहंदी नाई बे, शेवाळी!" "चवथी आकाशी!" "तुह्या डोळ्यात आकाश!" दोन तरुण तर मेहंदी की शेवाळी यावर उभे राहून भांडू लागले. रत्नदीप लॅपटॉपसमोर हात जोडून बसला होता. "अरे, एकानं सांगा! कोणी बी एकानं!"

बायांच्या रांगेतून धुरपताकाकू उठल्या. पदर खोचला, सतरंज्यांमधून वाट काढत आल्या आणि लेकाच्या शेजारी मांडी घालून बसल्या.

"इचार," म्हणाल्या.

"पहिली पट्टी, माय?"

"निळी. बिल्कुल बरोबर."

"दुसरी? पिवळी पाह्यजे."

"पिवळी नाई. कोवळ्या हरभऱ्याच्या पाल्यासारखी हाये."

"तिसरी? लाल पाह्यजे."

काकूंनी डोळे बारीक केले. "वाळल्या मेथीसारखी. जीव नसल्यासारखी. उजेड बी कमी हाये तिच्यात."

"कमी? नक्की? निळ्याच्या मानानं?"

"अर्धाच म्हण ना."

"अन् पांढरी?"

"चुन्यात मोरचूद पडल्यावानी."

रत्नदीपनं डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते. "निळा जसाचा तसा... लाल अर्धा झाला... अन् जो लाल गेला तो हिरव्यात जाऊन बसला..." एकदम डोळे उघडले. "एक घर सरकलं! माय, सारं एक घर सरकलं!"

त्यानं मला नंतर कागदावर काढून दाखवलं. बोर्डाला पाच-सहा-पाच अशी मांडणी हवी होती. हिरव्याला सहा जागा, एक जास्तीची. यानं रिकामी सोडलेली जागा सगळ्यात पुढं होती, म्हणून याचे लाल आकडे एका घरानं घसरून अर्धे झाले, त्यातला शेवटचा हिरव्याच्या घरात पडला. निळा सगळ्यात टोकाला, म्हणून तो तेवढा वाचला. 'हिरव्यालाच एक जागा जास्त का?' असं मी विचारलं, तर म्हणाला, माणसाच्या डोळ्याला हिरव्याच्या छटा सगळ्यात जास्त कळतात, म्हणून. आणि असा काही हसला, की मलाही हसावं लागलं.

पण ते नंतर. त्या वेळी त्यानं प्रोग्रॅममधला एक शब्द खोडून दुसरा लिहिला आणि ध्वज पुन्हा पाठवला. स्वतः बोर्डाकडे पाहिलंच नाही. आईच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

काकू म्हणाल्या, "हां. आता पिवळी झाली, हळदीसारखी. लाल बी आली. पांढरी धुतल्यासारखी." मग नाक ओढून, "आला रे बापा झेंडा."

लोक उभे राहिले. गुरुजींनी वंदनेला सुरुवात केली.

त्या रात्रीपासून काकूंचं नजर चुकवणं थांबलं. उलट त्यांना नवीनच काम लागलं. रत्नदीपनं 'ठिपका'मध्ये एक खिडकी केली, कुठल्याही ठिपक्यावर गेलं की रंगाचं नाव सांगणारी, आणि ती नावं भरली काकूंनी. त्यात तुरीचं फूल हे नाव आहे, भिजली माती आहे, जांभळाची साल आहे. मला एकदा एका नवरीच्या शालूचा रंग 'उतरत्या उन्हातली बाभूळ' असा दिसला. मी फोन करून विचारलं, काकू, हा कोणता रंग? त्या म्हणाल्या, "बाभूळ पाह्यली नाई का कधी?"

सभेत त्या दिवशी प्रेरणा होती, गुरुजींची पुतणी. पिपरी मेघेला शाळेत शिकवते. पुढं स्थळ म्हणून तिचं नाव आलं, तेव्हा रत्नदीप डोळ्यांविषयी सांगायला लागला. ती म्हणाली, "ते तं साऱ्या गावाले माहीत हाये. दुसरं काही सांगायचं असन तं सांगा." लग्न झालं.

हरिदासकाका मात्र तसेच राहिले. निवृत्त झाले, सुनेचं कौतुक करायचे, बोर्ड पाहायला रोज विहारात जायचे. पण मेडिकलचा विषय निघाला की उठून बाहेर. रेल्वेनं पोरावर अन्याय केला, ही गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती. मागच्या हिवाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि काका घाबरले. सगळं निळसर दिसतंय म्हणाले. भिंत निळसर, धोतर निळसर. डॉक्टरांनी भलतंच भिंग टाकलं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

रत्नदीपनं त्यांना संगणकासमोर बसवलं. घराचा फोटो उघडला. "बाबा, मोतीबिंदू पिवळा असते. इतके वर्सं तुम्ही पिवळ्या काचेतून पाहत होते." त्यानं फोटोतला निळा हळूहळू कमी केला. फोटो पिवळट, मळकट होत गेला.

"थांब!" काका ओरडले. "हे! असंच दिसे मले, असंच!"

"अन् आता दिसते ते खरं हाये."

काकांनी तो पिवळा फोटो न्याहाळला. मग म्हणाले, "अन् तुले कसं दिसते? ते बी दाखवता येते का?"

रत्नदीपला हे इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. तसा हिशोब आहे, तिन्ही आकडे ठरावीक प्रमाणात एकमेकांत मिसळायचे. त्यानं तो त्याच वेळी बसून लिहिला. मग काकांच्या निवृत्तीच्या दिवसाचा फोटो उघडला. गँगची माणसं ओळीनं उभी, काकांच्या एका हातात लाल झेंडी, दुसऱ्या हातात हिरवी. बटण दाबलं. दोन्ही झेंड्या एकाच मातकट रंगाच्या झाल्या.

काका स्क्रीनच्या जवळ गेले. एका झेंडीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या.

"यातली लाल कोणती?"

"मले नाई सांगता येत, बाबा. तुम्हालेच माहीत."

"मले बी नाई सांगता येऊन राह्यलं," काका म्हणाले. त्यांचं बोट तिथंच होतं. नंतर त्यांनी ते उचलून लेकाच्या मानेवर हात ठेवला. "बरं केलं त्या डॉक्टरनं. गाडीत हजार माणसं असतात."

हे मला प्रेरणानं सांगितलं. ती दारात चहा घेऊन उभी होती, आणि तो चहा कोणीच घेतला नाही, म्हणाली.

आता रत्नदीप आणि प्रेरणा पिपरी मेघेला राहतात. वर्ध्याच्या एका छपाईवाल्याकडे तो लेबलांचे रंग जुळवणारं सॉफ्टवेअर सांभाळतो. 'ठिपका' माझ्याकडे अजून चालू आहे. गेल्या रविवारी दोघं मुलीला घेऊन सेलूला आले होते, तिचा पहिला फोटो काढायला. मुलगी एका जागी राहीना. मागची पांढरी चादर तिनं दोनदा ओढून पाडली. तिसऱ्यांदा एक फोटो मिळाला, तोही तोंड उघडं असताना. मी सवयीनं तो 'ठिपका'त टाकायला गेलो, तर रत्नदीपनं माझा हात धरला.

"हा नको टाकू. हा तू तुह्या डोळ्यानं कर."

म्हणून मी तो हातानं केला, एकेक गाल. तो मागं बाकावर बसून पोरीला बिस्किट भरवत होता, आणि प्रेरणा माझ्या खांद्यावरून पाहत सूचना देत होती.

"जास्त गोरी नका करू हं, धीरजभाऊ. आहे तशीच राहू द्या."